लष्करी विद्यालयातील मान आणि बढती

गोंदिया शहराजवळ बिरसी नावाचे गाव आहे. १९४० साली, दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, ब्रिटिश सरकारने या भाताच्या मुलखात विमानांकरिता एक धावपट्टी बांधली. त्या काळी गोंदिया भंडारा जिल्ह्यात मोडत असे. युद्धाची हाक किती दूरवर पोहोचली होती, याची ती धावपट्टी ही एक खूण होय. पण दगडमातीची धावपट्टी मजुरांच्या हातून थोडक्या काळात तयार होते. सैन्याला लागणारा अधिकारी तसा तयार होत नाही. म्हणून त्याच सुमारास महू, बंगलोर आणि बेळगाव येथे अधिकाऱ्यांची तातडीची शिक्षणकेंद्रे निघाली. काही महिन्यांच्या शिक्षणानंतर कमिशन द्यावयाचे आणि तरुणाला पलटणीत धाडावयाचे, असा तो क्रम होता.

अशा प्रत्येक लष्करी विद्यालयात शेवटी कोणी तरी पहिला येतो. त्याला पदक मिळते, मानाची तलवार मिळते, संचलनाच्या वेळी सर्वांच्या नजरा त्याच्याकडे वळतात. पुढील तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीत या मानाचे मोल किती? त्याने बढती मिळते काय? हा प्रश्न केवळ सैनिकांचा नव्हे. ज्या ज्या घरात मुलाच्या गुणपत्रिकेकडे डोळे लावून बसलेले आईबाप आहेत, त्या प्रत्येक घराचा तो प्रश्न आहे.

प्रथम या विद्यालयांचा इतिहास थोडक्यात पाहावा. १९१८ पूर्वी हिंदी तरुणास सँडहर्स्टचे दार बंदच होते. पुढे वर्षाकाठी दहा जागा मिळाल्या. देशातच विद्यालय हवे ही मागणी वाढत गेली, आणि १९३१ साली सरसेनापती चेटवुड यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमण्यात आली. नागपूरचे डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे हे तिचे एक सभासद होते. १९३२ साली डेहराडूनचे विद्यालय सुरू झाले आणि १९३७ साली डॉ. मुंजे यांनी नाशिकला भोसला सैनिकी विद्यालय उभे केले. डेहराडूनच्या पहिल्या तुकडीत चाळीस विद्यार्थी होते. त्यांपैकी पंधरा खुल्या स्पर्धापरीक्षेतून आले. त्या परीक्षेत सॅम माणेकशा यांचा क्रमांक सहावा होता. पुढे त्याच तुकडीतून भारताचे माणेकशा, पाकिस्तानचे मोहम्मद मुसा आणि ब्रह्मदेशाचे स्मिथ डन असे तीन देशांचे तीन सेनाप्रमुख निघाले. माणेकशा यांच्या पुढे ज्या पाच जणांचे क्रमांक होते, त्यांची नावे आज किती जणांस ठाऊक आहेत?

याचा अर्थ क्रमांक निरुपयोगी असतो असा मात्र नव्हे. एकाच दिवशी कमिशन मिळालेल्या अधिकाऱ्यांत वडील कोण व धाकटा कोण, हे विद्यालयातील गुणानुक्रमावरूनच ठरते, आणि ही ज्येष्ठता अखेरपर्यंत त्यांच्या मागे चालते. आजच्या नियमानुसार कॅप्टन, मेजर आणि लेफ्टनंट कर्नल ही पदे अनुक्रमे २, ६ व १३ वर्षांच्या सेवेनंतर, ठरलेल्या परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यास मिळतात. खरी चाळण कर्नलच्या पदापासून लागते. तेथे निवड मंडळ बसते आणि वरिष्ठांनी वर्षानुवर्षे लिहिलेले गोपनीय अहवाल तोलले जातात. निरनिराळ्या अभ्यासक्रमांत मिळविलेल्या श्रेणींना व शौर्यपदकांना त्या तुलनेत जागा आहे, पण थोडी. सारांश, विद्यालयातील मान अधिकाऱ्याला रांगेत पुढे उभा करतो. रांग ओलांडून नेण्याचे बळ त्याच्या ठायी नसते.

दुसरे दार स्टाफ कॉलेजचे. त्याचा आरंभ महाराष्ट्रातच, नाशिकजवळ देवळाली येथे १९०५ साली झाला. १९०७ मध्ये ते क्वेट्ट्यास गेले आणि फाळणीनंतर भारताचे स्टाफ कॉलेज निलगिरीतील वेलिंग्टन येथे आले. १९३३ साली क्वेट्ट्याच्या कॉलेजात पहिला हिंदी अधिकारी शिरला, त्याचे नाव करिअप्पा. १९४९ मध्ये तेच स्वतंत्र भारताचे पहिले हिंदी सरसेनापती झाले. अमेरिकेतील आयसेनहॉवर यांचे उदाहरणही बोलके आहे. १९१५ साली वेस्ट पॉइंट येथून बाहेर पडताना १६४ जणांत त्यांचा क्रमांक ६१ होता. १९२६ साली लेव्हनवर्थच्या स्टाफ विद्यालयात मात्र ते पहिले आले. लागलीच बढती मिळाली काय? नाही. १९२० सालापासून ते मेजर होते आणि १९३६ पर्यंत मेजरच राहिले. परंतु ते वरिष्ठांच्या नजरेत भरले, आणि युद्ध आले तेव्हा कोणाला हाक मारावयाची हे आधीच ठरून गेले होते.

आता पुन्हा बेळगावकडे वळू. मराठा लाइट इन्फंट्रीचे हे माहेरघर. तेथील युद्धकालीन विद्यालयात श्रीनिवासकुमार सिन्हा नावाचा बिहारचा तरुण दाखल झाला. वय अवघे सतरा-अठरा. त्या विद्यालयातील सर्वोत्तम विद्यार्थ्याचा, म्हणजे मानाच्या तलवारीच्या तोडीचा, मान त्याने मिळविला. त्याच्याच वयाचा, १९२६ च्या जानेवारीतच अलिबाग येथे जन्मलेला अरुणकुमार श्रीधर वैद्य हा तरुण १९४५ साली डेक्कन हॉर्स या घोडदळाच्या पलटणीत आला. दोघांच्या वाटा तेथून निराळ्या झाल्या. ऑक्टोबर १९४७ मध्ये विमानांनी श्रीनगरला फौज पोहोचविण्याची जी अवघड योजना पार पडली, तिच्या आखणीत तरुण मेजर सिन्हा यांचा हात होता. वैद्य यांची कसोटी रणगाड्यांवर लागली. सप्टेंबर १९६५ मध्ये असल उत्तर येथे त्यांच्या जुन्या शेरमन रणगाड्यांनी शत्रूच्या नव्या पॅटन रणगाड्यांशी झुंज दिली. वैद्य यांना महावीरचक्र मिळाले. १९७१ मध्ये शकरगढच्या रणक्षेत्रात सुरुंगांच्या पट्ट्यांतून त्यांनी आपली ब्रिगेड स्वतः पुढे राहून नेली आणि महावीरचक्र दुसऱ्यांदा मिळविले.

१९८३ साली लष्करप्रमुखपद रिकामे झाले. ज्येष्ठतेच्या यादीत उपप्रमुख सिन्हा पुढे होते. सरकारने निवडले वैद्य यांना. सिन्हा यांनी राजीनामा दिला. पुढे ते नेपाळात राजदूत आणि आसाम व काश्मीर येथे राज्यपाल झाले. त्या निर्णयावर पुष्कळ वाद झाला. मराठी माणसाला अभिमान वाटला हे खरे, पण अभिमानाने विवेक झाकू देऊ नये. कारण बावीस वर्षांपूर्वी पारडे उलट झुकले होते. सँडहर्स्टला शिकलेले, १९४५ च्या जानेवारीत ब्रह्मदेशात कांगॉ येथे पराक्रमाबद्दल डी. एस. ओ. मिळविलेले कोल्हापूरकडील शंकरराव थोरात हे १९६१ साली निवृत्त झाले, ते सेनाप्रमुख न होताच. मावळते प्रमुख थिमय्या यांची पसंती थोरातांना होती. नेमणूक झाली ती ज्येष्ठ असलेल्या थापर यांची. ईशान्य सीमेवरील धोक्याचा थोरातांनी १९६० मध्येच अंदाज मांडला होता, आणि १९६२ च्या हिवाळ्यात तो खरा ठरला. एकदा ज्येष्ठतेला मान मिळाला, एकदा ज्येष्ठता बाजूस सारली गेली. दोन्ही वेळा विद्यालयातील क्रमांक कोणी विचारला नाही.

मग पालकाने मुलाला काय सांगावे? पहिला ये, असे अवश्य सांगावे. कारण ज्येष्ठतेचा पहिला आकडा तेथेच लिहिला जातो, आणि ज्याला अभ्यासाची सवय लागली त्याला स्टाफ कॉलेजची परीक्षा जड जात नाही. पण तलवार मिळाली म्हणजे हक्क मिळाला, असे मात्र सांगू नये. हक्क समजणाऱ्याच्या पदरी पुढे कडवटपणा येतो, आणि मान न मिळालेला उगीच खचून जातो.

बिरसीच्या त्या जुन्या धावपट्टीवर अलीकडच्या काळात तरुण वैमानिकांना शिक्षण दिले जाऊ लागले. हवामानाच्या प्रश्नपत्रिकेत पूर्ण गुण मिळविणारा विद्यार्थीही आडव्या वाऱ्यात विमान उतरविताना नव्यानेच परीक्षेला बसतो. प्रश्नपत्रिकेतील गुणांनी त्याला विमानात बसण्याचा अधिकार दिलेला असतो; विमान मात्र त्याने स्वतःच्या हाताने उतरवावयाचे असते.