खर्चाचे सिम्युलेशन आणि संदर्भ-परिस्थिती

कच्च्या मालाचा दर, त्याचे प्रमाण, मजुरी किंवा विनिमयदर बदलला तर खर्च किती होईल, हे आधीच आकडेमोड करून पाहणे म्हणजे खर्चाचे सिम्युलेशन. ते ज्या ठरलेल्या आकड्यांशी ताडून पाहायचे, ती संदर्भ-परिस्थिती. मंजूर अंदाजपत्रक, मागील वर्षाचा प्रत्यक्ष खर्च किंवा प्रमाणित खर्च यांपैकी कशालाही हे स्थान देता येते. एकदा दिल्यावर मात्र ते आकडे गोठवावे लागतात. संदर्भच सरकत राहिला, तर आलेला फरक नेमका कशापासूनचा हे कोणालाही सांगता येत नाही.

1979 मध्ये आलेल्या व्हिजिकॅल्क या स्प्रेडशीट प्रोग्रामने ही आकडेमोड वैयक्तिक संगणकावर आणली. आज एक्सेलमधील ‘सिनॅरिओ मॅनेजर’ एका परिस्थितीत 32 पर्यंत बदलते कक्ष स्वीकारतो आणि सर्व परिस्थितींचा एकत्रित गोषवारा काढून देतो. या गोषवाऱ्यातील ‘चालू मूल्ये’ हा स्तंभ अनेकजण संदर्भ म्हणून वाचतात, आणि ते धोक्याचे आहे. गोषवारा काढताना कक्षांत जे आकडे असतील तेच त्या स्तंभात उतरतात. म्हणून मूळ आकडे स्वतंत्र परिस्थिती म्हणून सर्वांत आधी साठवावेत. परिस्थितीतील आकडे पुढे बदलले तरी काढलेला गोषवारा आपोआप बदलत नाही. तो नव्याने काढावा लागतो. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये अशा गोठवलेल्या संदर्भाला बेसलाइन म्हणतात, आणि एका प्रकल्पाच्या 11 बेसलाइन साठवता येतात.

एकूण फरक कळला तरी त्याची कारणे वेगळी काढावी लागतात, आणि अहवालाचे खरे मोल तिथेच आहे. समजा, फरसाणाच्या एका पेटीला 2 किलो बेसन लागते आणि दर किलोला 80 रुपये आहे. संदर्भ खर्च 160 रुपये. दर 100 रुपये झाला आणि वापर 1.9 किलोवर आला, तर खर्च 190 रुपये, म्हणजे 30 रुपयांनी जास्त. जुन्या वापरावर दरवाढीचा परिणाम 40 रुपये येतो, जुन्या दराने बचत 8 रुपये, आणि दोन्ही बदल एकत्र घडल्यामुळे, म्हणजे संयुक्त परिणामाने, आणखी 2 रुपये कमी होतात. प्रमाणित परिव्ययाच्या रूढ पद्धतीत हे 2 रुपये दराच्या खात्यात जातात आणि दराचा फरक 38 रुपये दिसतो. दोन्ही मांडण्या बरोबर आहेत. पण एकाच अहवालात त्या मिसळल्या, तर खरेदी विभाग आणि उत्पादन विभाग यांच्यात विनाकारण वाद होतो.

यादृच्छिक आकडे घेऊन आकडेमोड अनेकदा करणाऱ्या मॉन्टे कार्लो पद्धतीत उत्तर एका आकड्याऐवजी पल्ल्याच्या रूपात येते. तिथे संदर्भ आणि बदललेली अशा दोन्ही परिस्थितींना शक्यतो तेच यादृच्छिक आकडे पुरवतात, म्हणजे योगायोगाने पडणारा फरक कमी होतो. दोन्हींकडे किमतींचे आधारवर्ष, चलन आणि करांचा समावेशही एकच हवा.

संदर्भाचे नाव, तो गोठवल्याची तारीख आणि संयुक्त परिणाम कोणाच्या खात्यात धरला, या तीन गोष्टी अहवालात छापलेल्या नसतील, तर त्यातील टक्केवारीवर खर्चाचा निर्णय घेऊ नये.