शिक्षानिर्धारण व कारावासेतर शिक्षा (सिंधुदुर्ग–मालवण किनारा)

अपराध सिद्ध झाल्यानंतर अपराध्यास कोणती व किती शिक्षा द्यावयाची, हे ठरविण्याच्या न्यायाधीशाच्या कार्यास शिक्षानिर्धारण म्हणतात. कायदा बहुधा शिक्षेची कमाल मर्यादा सांगतो. त्या मर्यादेच्या आत निवड करण्याचा अधिकार न्यायाधीशाकडे असतो. हा अधिकार कोणत्या तत्त्वांनी बांधावा आणि तुरुंगाखेरीज दुसरा मार्ग केव्हा स्वीकारावा, हे ह्या विषयातील दोन मुख्य प्रश्न होत.

प्राचीन धर्मशास्त्रात वाग्दंड, धिग्दंड, धनदंड व वधदंड असे दंडाचे चार प्रकार सांगितले असून, प्रथम शब्दाने समज द्यावी व नंतर क्रमाने कठोर व्हावे, अशी मनुस्मृतीची योजना आहे. दंड देताना अपराध, देश, काल, अपराध्याचे बल, वय, कर्म व वित्त पाहावे, असे याज्ञवल्क्यस्मृती सांगते. मात्र त्याच ग्रंथांत वर्णपरत्वे दंडात भेदही केलेला आढळतो. मराठी अमलात लिखित दंडसंहिता नव्हती. गुन्हेगारी म्हणजे रोख दंड, किल्ल्यावरील अटक, बेडी, अंगमेहनत, अवयवच्छेद व देहान्त ह्या शिक्षा रूढ होत्या. त्यांच्या जोडीला प्रायश्चित्त असे.

शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये बांधावयास घेतलेला सिंधुदुर्ग व मालवण हे १८१२ च्या तहाने करवीरकरांकडून इंग्रजांकडे गेले. त्याच वर्षी सावंतवाडीकरांकडून वेंगुर्लेही गेले. समुद्रावरील चाचेगिरीचा बंदोबस्त हा ह्या तहांमागील एक हेतू होता. त्यामुळे मालवणास इंग्रजी कायदा आणि लगतच्या सावंतवाडी मुलखात संस्थानी न्याय, अशी स्थिती १९४८ मधील विलीनीकरणापर्यंत राहिली. मुंबई इलाख्यात गुन्हे व शिक्षा एकत्र लेखी मांडण्याचे काम १८२७ च्या चौदाव्या विनियमाने केले. पुढे १ जानेवारी १८६२ पासून भारतीय दंडसंहिता लागू झाली. तिने बहुतेक अपराधांना कमाल शिक्षा ठरवून दिली. किमान शिक्षा थोड्याच अपराधांना होती. दंड न भरल्यास कैद, हा तिचा नियम गरिबास विशेष जाचक ठरला; कारण ज्या दंडातून सधन मनुष्य पैसे भरून सुटे, त्याच दंडापायी निर्धन तुरुंगात जाई. १८६४ च्या कायद्याने फटक्यांची शिक्षा आली व ती १९५५ मध्ये रद्द झाली.

सरकारी हुकुमाने तुरुंगाऐवजी प्रदेशाची मर्यादा घालण्याचे उदाहरणही ह्या भागाशी निगडित आहे. विनायक दामोदर सावरकर ह्यांस जानेवारी १९२४ मध्ये अटींवर मुक्त करून रत्नागिरी जिल्ह्यात स्थानबद्ध करण्यात आले. त्या जिल्ह्यात तेव्हा मालवण व वेंगुर्ले मोडत. हे निर्बंध १९३७ मध्ये उठले. तथापि ही शासकीय तजवीज होती, न्यायालयीन शिक्षा नव्हे.

प्रथम अपराध्यास चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडण्याची मर्यादित तरतूद १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होती. मुंबई प्रांताने १९३८ मध्ये स्वतंत्र परिवीक्षा कायदा केला. १९५८ मध्ये केंद्रीय कायदा झाला. त्यानुसार न्यायालय अपराध्यास समज देऊन सोडू शकते किंवा परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली ठेवू शकते. एकवीस वर्षांखालील अपराध्यास कैद द्यावयाची झाल्यास, कायद्याच्या कक्षेतील अपराधांबाबत, तिची कारणे नोंदवावी लागतात. १९७३ च्या संहितेने दोषी ठरलेल्यास शिक्षेच्या प्रश्नावर स्वतंत्रपणे ऐकून घेणे आवश्यक केले. हे ऐकणे केवळ उपचार नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने संतासिंग खटल्यात (१९७६) स्पष्ट केले. तुरुंगातच मोकळीक देण्याचा प्रयोग औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे १९३९ मध्ये झाला. राजे भवानराव पंतप्रतिनिधी व मॉरिस फ्रीडमन हे त्याचे प्रवर्तक असून, दो आँखें बारह हाथ (१९५७) हा चित्रपट त्यावरून सुचला.

मालवण किनाऱ्यावर हा प्रश्न मासेमारीच्या तंट्यांत वेगळ्या रूपाने उभा राहतो. १९८१ च्या महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायद्याचा भर कैदेवर नसून आर्थिक दंडावर आहे, व मूळ कायद्यात हा दंड सापडलेल्या मासळीच्या किमतीशी जोडलेला होता. रापणकर व लहान होडीवाले ह्यांची तक्रार अशी की, यांत्रिक नौकेच्या एका फेरीचा नफा दंडाहून मोठा असल्यास दंड हा धंद्याचा एक खर्च बनतो. २०२१ च्या दुरुस्तीने दंड वाढविण्यात आले. उलट, हातघाईच्या मारामारीत सापडलेल्या खलाशास अल्प मुदतीची कैद झाली, तरी त्याचा हंगाम बुडतो व झळ घरच्यांस पोहोचते. एकाच किनाऱ्यावर सौम्य दंड अपुरा व छोटी कैद अवाजवी ठरू शकते, हे ह्यावरून दिसते.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत सामुदायिक सेवा ही शिक्षा प्रथमच समाविष्ट झाली. पाच हजार रुपयांहून कमी किमतीची पहिली चोरी, मुद्देमाल वा त्याची किंमत परत केल्यास, तसेच मद्यधुंद अवस्थेतील सार्वजनिक गैरवर्तन अशा मोजक्या अपराधांस ती लागू आहे. अशा पर्यायांचे यश परिवीक्षा अधिकाऱ्यांची संख्या, त्यांच्या अहवालांची गुणवत्ता आणि कारणे लिहून शिक्षा देण्याची न्यायाधीशाची शिस्त ह्यांवर अवलंबून असते. अपराध्याची परिस्थिती न्यायालयापुढे आलीच नाही, तर पर्याय कायद्यात असूनही तुरुंग हाच सोपा मार्ग उरतो.