शेवटची पारख : विजेच्या गिटारीची हकीकत

कोणतीही वस्तू तयार होऊन गिऱ्हाइकाच्या हाती पडेपर्यंत तिला अनेकांचे हात लागतात. परंतु त्यांपैकी एक हात असा असतो, की तो लागल्यावाचून ती वस्तू पुरी झाली असे म्हणता येत नाही. तंबोऱ्याच्या बाबतीत हा हात जवारी काढणाऱ्याचा. भोपळा उत्तम असेल, दांडी सरळ असेल, तारा कोऱ्या असतील. तरी घोडीचा माथा कानशीने किंचित किंचित घासून जवारी काढल्याखेरीज त्या तंबोऱ्यातून गंधार उमटत नाही. मिरजेच्या सतारमेकरांनी पिढ्यान्‌पिढ्या हे काम केले. एका तंबोऱ्याची जवारी दुसऱ्यास उसनी देता येत नाही, प्रत्येक वाद्याची स्वतंत्रच काढावी लागते, हे त्यांना कोणी पढवावे लागले नाही.

विजेच्या गिटारीचा आपल्या परंपरेशी काही संबंध नाही. ती अमेरिकेत जन्मली आणि तिथल्याच कारखान्यांतून व दुकानांतून जगभर पसरली. परंतु या एका बाबतीत तिचे आणि तंबोऱ्याचे गोत्र एकच आहे. गावोगावी शाखा असलेल्या मोठ्या दुकानांतून या गिटारी आज भिंतीभर टांगलेल्या असतात. नाव एक, रंग एक, किंमत एक. पण शेजारशेजारच्या दोन गिटारी हाती घ्याव्यात तर एक सहज बोलते आणि दुसरीची तार पाचव्या पडद्यावर फरफरते, किंवा पडद्यांची टोके बोटांना बोचतात. एकाच साच्यातून निघालेल्या बहिणींत एवढे अंतर का पडावे? हल्लीचे कारागीर बेपर्वा झाले, माल परदेशी होऊ लागला, अशी उत्तरे ताबडतोब मिळतात. इतिहास पाहू गेल्यास ती पुरी पडत नाहीत.

प्रथम या वाद्याचा स्वभाव ध्यानात घेतला पाहिजे. गिटारीच्या सहा तारांचा एकूण ताण सुमारे शंभर पौंडांच्या घरात जातो, आणि तो अहोरात्र दांडीला वाकवू पाहतो. तारा पडद्यांपासून दीड-दोन मिलिमीटरच उंच असाव्या लागतात. त्याहून वर गेल्या तर बोटे दुखतात, खाली आल्या तर तार पडद्यावर आपटते. म्हणून दांडीच्या पोटात पोलादी सळई घालून तिचा बाक कमीजास्त करण्याची युक्ती निघाली. मिशिगन राज्यातील कॅलमाझू येथील गिब्सन कंपनीच्या थॅडियस मॅकह्यू यास तिचे पेटंट १९२३ साली मिळाले. पण सळई बसवून भागत नाही. हवा पाहून कोणीतरी ती पिळावी लागते. लाकूड कोरड्या हवेत आडवे आकसते, धातूचे पडदे आकसत नाहीत, आणि मग त्यांची टोके दांडीच्या कडेबाहेर डोकावू लागतात. तात्पर्य, कारखान्यातून निर्दोष निघालेली गिटारही वाटेत बिघडू शकते. तिचा दोष कित्येकदा बनावटीत नसतो, प्रवासात असतो.

लाकडाच्या या लहरीतून सुटण्याचा यत्न पहिल्या पिढीनेच करून पाहिला होता. बाजारात खपलेली पहिली विजेची गिटार १९३२ साली लॉस एंजेलिस येथे निघाली. जॉर्ज बोशां याच्या कल्पनेतून उतरलेले हे वाद्य मांडीवर आडवे ठेवून वाजवावयाचे असे. ते ॲल्युमिनियमचे ओतीव असून आकारावरून लोक त्यास 'तळणीचा तवा' म्हणत. धातूस ना गाठ ना रेषा. तेव्हा सर्व प्रती सारख्या निघाव्यात ही अपेक्षा स्वाभाविक होती. परंतु रंगमंचावरील दिव्यांच्या उष्णतेने ॲल्युमिनियम प्रसरण पावे आणि ऐन मैफलीत सूर ढळत. लाकडाला पावसाची बाधा, तर धातूला उन्हाची! साच्याने आकार सारखा करता येतो, हवामान सारखे करता येत नाही, हा धडा आरंभीच मिळाला होता.

पुढचे पाऊल टाकले ते लिओ फेंडर याने. कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावी हा गृहस्थ रेडिओ दुरुस्त करीत असे. स्वतः गिटार वाजविणे त्यास येत नव्हते. १९५० साली त्याने भरीव लाकडाची विजेची गिटार विक्रीस काढली, तीच पुढल्या वर्षापासून टेलिकास्टर म्हणून प्रसिद्ध झाली. तिची दांडी सरसाने न चिकटविता चार स्क्रूंनी जोडलेली होती. दांडी खराब झाली तर स्क्रू काढावेत आणि दुसरी बसवावी, हा दुरुस्ती करणाऱ्याच्या डोक्यातला विचार. येथून गिटार ही सुट्या भागांची वस्तू झाली, आणि ती विपुल प्रमाणात काढण्याचा मार्ग मोकळा झाला.

मात्र त्या काळातील गिटारी तंतोतंत सारख्या होत्या, असा समज कोणी करून घेऊ नये. फेंडरच्या कारखान्यात दांड्यांना अखेरचा आकार हातानेच दिला जाई. गिब्सनचा सेथ लव्हर याने सिद्ध केलेला दुहेरी वेटोळ्यांचा पिकअप १९५७ पासून बसविला जाऊ लागला. त्यातील तारेचे वेढे मोजूनमापून घेतले जात नसल्याने कोठे अधिक तर कोठे उणे पडत. १९५८ ते १९६० या काळात निघालेल्या लेस पॉल स्टँडर्ड नावाच्या गिटारी दोन हजारांहूनही कमी आहेत, आणि त्यांतील कोणत्याही दोन एकसारख्या बोलत नाहीत असे जाणकार सांगतात. आज त्याच भेदासाठी संग्राहक लक्षावधी डॉलर मोजतात. नव्या मालात जो दोष, तोच जुन्यात गुण ठरावा, हा मोठा चमत्कारिक न्याय आहे! त्याचे रहस्य एवढेच, की काळाच्या चाळणीतून वाईट वाद्ये गळून गेली. ज्यांना कोणीतरी पारखून निवडले, जपले, दुरुस्त केले, तीच उरली.

आता दुकानांकडे वळू. अमेरिकेत स्वस्त गिटार घरोघर पोचविण्याचे श्रेय सिअर्स, रोबक यांसारख्या टपालाने माल पाठविणाऱ्या व्यापाऱ्यांना द्यावे लागेल. शिकागोच्या हार्मनी कारखान्याची वाद्ये त्यांच्या सूचिपत्रांतून दूरच्या शेतवाड्यांपर्यंत गेली. विजेच्या गिटारींसाठी सिअर्सला न्यू जर्सीतील नेथन डॅनियल हा कारखानदार भेटला. त्याची डॅनइलेक्ट्रो कंपनी १९४७ सालची. १९५४ पासून ती सिअर्ससाठी सिल्व्हरटोन या नावाने गिटारी करू लागली. १९६२ साली त्याने अशी गिटार काढली, की जिच्या पेटीतच ध्वनिवर्धक बसविलेला होता. सत्तर डॉलरांच्या आत सगळा संसार! लाकडाच्या चौकटीवर त्याने दाबीव भुशाचे पातळ तक्ते ठोकले, आणि पिकअपसाठी ओठांच्या रंगाच्या नळ्या वापरल्या.

या माणसाची हकीकत मुद्दाम सांगण्याचे कारण असे, की स्वस्तपणा आणि बेभरवसेपणा या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्याच्याइतके स्पष्ट कोणी दाखविले नाही. दाबीव तक्त्याला गाठी नसतात, रेषा नसतात. एक तक्ता दुसऱ्यासारखाच असतो. त्याने काटकसर केली ती साहित्यात आणि आराखड्यात. गरिबाची वस्तू साधी असावी, पण फसवी नसावी, हे जणू त्याचे ब्रीद होते. १९६६ मध्ये एमसीए या बड्या कंपनीने त्याचा कारखाना विकत घेतला आणि १९६९ मध्ये तो बंद झाला.

बडे भांडवल या धंद्यात उतरले त्याला तसेच निमित्त घडले होते. ९ फेब्रुवारी १९६४ रोजी बीटल्सचा वाद्यवृंद अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर झळकला आणि पोराटोरांना गिटारीचे वेड लागले. मागणी एवढी वाढली, की कारखाने पुरे पडेनात. जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस या ध्वनिक्षेपण कंपनीने फेंडरचा धंदा एक कोटी तीस लाख डॉलरांना घेतला. १९६९ मध्ये गिब्सनही दुसऱ्या एका उद्योगसमूहाच्या, पुढे नॉर्लिन म्हणून ओळखल्या गेलेल्या कंपनीच्या, ताब्यात गेली. उत्पादन वाढले, हिशेब नेटके झाले, आणि वाद्ये मात्र बेभरवशाची होऊ लागली. १९७१ पासून फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारीच्या दांडीला चाराऐवजी तीनच जोड आले. दांडीचा कोन सहज बदलता यावा, हा त्या नव्या जोडणीचा हेतू वस्तुतः चांगला होता. परंतु खाच पुरेशी घट्ट नसेल तर दांडी बाजूला सरके आणि कडेची तार पडद्यावरून खाली घसरे. त्याही काळात उत्तम गिटारी निघतच होत्या. दुःख एवढेच, की चांगली कोणती आणि वाईट कोणती हे पाटीवरच्या नावावरून कळेनासे झाले. नावाचा अर्थ असा हरवतो तेव्हा कारखान्याची अब्रूच जाते.

या पोकळीत जपान शिरले. मात्सुमोतो येथील फुजिगेन कारखाना १९६० सालचा. प्रारंभी तेथील माल अनुकरणाचाच असे. पण अनुकरण करता करता त्या लोकांनी सातत्य साधले. १९७७ साली नॉर्लिनने आयबानेझ गिटारींच्या अमेरिकेतील विक्रेत्यांवर दावा लावला. तक्रार होती दांडीच्या शेंड्याच्या आकाराची नक्कल केल्याची. पण नक्कल खपत होती ती केवळ आकारामुळे नव्हे, हे बाजारास ठाऊक होते. १९८२ मध्ये खुद्द फेंडरने जपानी भागीदारीत गिटारी करविण्यास आरंभ केला, आणि त्या वेळच्या स्क्वायर नावाच्या स्वस्त गिटारी आजही शोधून घेतल्या जातात. १९८५ साली सीबीएसने फेंडर विकून टाकली, ती तिच्याच व्यवस्थापकांना, सव्वा कोट डॉलरांना. वीस वर्षांपूर्वी जे दिले होते त्याहून कमी! दप्तरात न दिसणाऱ्या नुकसानीची किंमत अखेर दप्तरातच अशी उमटली.

त्यानंतरची स्थिती वरकरणी सुधारलेली आहे. संगणकाच्या आज्ञेने चालणारी यंत्रे आज लाकूड असे कापतात, की खाच आणि दांडी यांत केसाइतकीही फट राहू नये. चीन व इंडोनेशियातील कारखान्यांत निघणाऱ्या स्वल्पमोली गिटारींचा सांगाडा पन्नास वर्षांपूर्वीच्या महागड्या गिटारीपेक्षा कित्येकदा नेमका असतो. तरी तक्रार संपलेली नाही. कारण यंत्राने जे साधले ते कापण्यापुरते. पडद्यांची टोके घासणे, तारांची उंची लावणे, सळई पिळणे ही जवारीच्या जातीची कामे वेळ खातात, आणि वेळ हीच आजच्या बाजारात सर्वांत महाग वस्तू आहे. सुराबायाच्या दमट हवेतून निघालेली गिटार समुद्र ओलांडून मिशिगनमधील एखाद्या कृत्रिम उष्णतेने कोरड्या केलेल्या दुकानात टांगली जाते, तेव्हा कारखान्यात केलेली जुळवणी अर्धीअधिक वाया गेलेली असते. पूर्वी गावातल्या वाद्यविक्रेत्याकडे मागील बाजूस एक मेज असे. आलेली गिटार तेथे उघडून, जुळवून मगच पुढे मांडली जाई. साखळी-दुकानांतही दुरुस्तीचे मेज आढळते, पण भिंतीवरची प्रत्येक गिटार त्यावरून जाईलच असा नेम नाही. जुळणी हवी तर तिचे दाम बहुधा निराळे पडतात. अमेरिकेतील सर्वांत मोठी साखळी गिटार सेंटर हिचा उगम १९५९ साली हॉलिवूडमधील एका ऑर्गनच्या दुकानात झाला, २००७ मध्ये ती दोनशे कोटी डॉलरांहून अधिक किमतीस एका गुंतवणूक संस्थेने घेतली, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये कर्जाच्या ओझ्याने तिला दिवाळखोरीच्या न्यायालयाचा आश्रय घ्यावा लागला. व्याजाचे हप्ते ज्या व्यापाराच्या उरावर बसले आहेत, त्याने एकेका स्वस्त गिटारीवर तासभर खर्च करावा ही अपेक्षा कोणी आणि कोणत्या तोंडाने करावी?

सरकारी खरेदीचे ज्यांना काम पडले आहे, त्या वाचकांना हा पेच अपरिचित वाटणार नाही. नमुना मंजूर होतो एक, आणि माल येतो हजारांचा. नमुना निर्दोष होता म्हणून मालही निर्दोष असेल असे नसते. म्हणून तर उतरून घेताना तपासणी करणारा एक मनुष्य नेमावा लागतो. गिटारीच्या व्यापारातून हा मनुष्य हळूहळू वजा झाला. परंतु तपासणीचे काम काही वजा होत नसते. कारखानदाराने ते सोडले तर विक्रेत्याकडे येते, विक्रेत्याने सोडले तर ग्राहकाच्या पदरी पडते. मुरलेला वादक ते हसत स्वीकारतो. तो दांडीच्या शेंड्याशी डोळा लावून तिचा बाक पाहतो, एकेका पडद्यावर प्रत्येक तार छेडतो, कडेवरून अंगठा फिरवतो, आणि पाच गिटारींतून एक निवडतो. उरलेल्या चार पुन्हा भिंतीवर जातात.

त्या चार कोण घेते, हा या साऱ्या इतिहासातला खरा प्रश्न आहे. ज्याला पारख नाही तो. बारा-तेरा वर्षांचा मुलगा, साठविलेले पैसे घेऊन आलेला. किंवा त्याची आई, जिला गिटारीतले काही कळत नाही आणि पाटीवरच्या नावावर जिचा विश्वास आहे. घरी आल्यावर तारा उंच म्हणून बोटे सोलतात, सूर लागत नाही, आणि तो मुलगा वाद्याला दोष देत नाही. देईल कसा, ते नवे कोरे आहे. तो आपल्या बोटांना दोष देतो. दोन महिन्यांनी गिटार पलंगाखाली जाते आणि 'आपल्याला संगीत जमत नाही' असा निवाडा तो आयुष्यभरासाठी करून टाकतो. परत आलेल्या मालाची नोंद प्रत्येक दुकानात होते. न परतता पलंगाखाली गेलेल्या मालाची, आणि त्याबरोबर विझलेल्या हौसेची, नोंद करणारे दप्तर अद्याप कोठे निघालेले नाही.