एका निवाड्याचा उत्तरार्ध

ज्ञानाच्या इतिहासात काही विधाने अशी असतात की ती ज्याने लिहिली त्याच्यापेक्षा ज्यांनी ती उद्धृत केली त्यांच्या मालकीची अधिक होतात. मूळ ग्रंथात ती एका संदर्भात उभी असतात. पुढच्या पिढ्या त्यांतील सोयीचा भाग उचलतात, त्याला सूत्राचे रूप देतात आणि त्या सूत्रावर भाष्यांमागून भाष्ये रचतात. साहित्याच्या अभ्यासकाला हा प्रकार परिचयाचा आहे. मूळ पाठाकडे परतणे हा त्याच्या शिस्तीचा पहिला धडाच असतो. प्रयोगशाळाही या प्रकाराला अपवाद नाही. तेथे अर्धवट वाचलेल्या परिच्छेदाची किंमत कधीकधी एखाद्या संशोधकाला आयुष्यातील कित्येक वर्षांनी चुकवावी लागते. प्रौढ प्राण्याच्या मेंदूत नव्या चेतापेशी निर्माण होतात काय, या प्रश्नाचा इतिहास याची साक्ष देतो.

या इतिहासाच्या मध्यभागी सान्तियागो रामोन इ काहाल हे स्पॅनिश शास्त्रज्ञ आहेत. चित्रकार होण्याची हौस बाळगून वैद्यकाकडे वळलेल्या या माणसाने मेंदूची सूक्ष्म रचना रेखाटली आणि १९०६ साली कामिल्लो गोल्जी यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळवले. चेतासंस्थेचा ऱ्हास आणि पुनर्निर्मिती यांवरील त्यांचा ग्रंथ १९१३-१४ मध्ये प्रसिद्ध झाला; १९२८ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर आले आणि तो जगभर पोचला. प्रौढ मेंदूत हानी होऊ शकते, भरपाई मात्र होत नाही, असा त्यातील एका परिच्छेदाच्या पूर्वार्धाचा आशय. या मताला आधार होता. शाखा-उपशाखांनी विस्तारलेली चेतापेशी विभागताना कोणाला दिसली नव्हती, आणि तत्कालीन साधनांनी ती दिसण्याचा संभवही नव्हता. परंतु त्याच परिच्छेदाच्या उत्तरार्धात काहाल यांनी हा कठोर निवाडा शक्य झाल्यास फिरवण्याचे काम भावी विज्ञानाकडे सोपवले होते. पाठ्यपुस्तकांनी पूर्वार्ध घेतला. उत्तरार्ध अलंकार समजून बाजूला ठेवला. एका संशोधकाने पुढच्यांसाठी खुले ठेवलेले दार त्याच्याच नावाने बंद झाले.

सजीवाच्या ठायी काय ठरलेले असते आणि काय खुले असते, हा प्रश्न मेंदूच्या संदर्भात कळीचा ठरण्यापूर्वीच भ्रूणाच्या संदर्भात विचारला गेला होता, आणि तोही विशेषतः समुद्रकाठी. सागरी प्राण्यांची अंडी विपुल मिळतात, पुष्कळांची पारदर्शक असतात आणि मातेच्या शरीराबाहेर वाढतात. म्हणून भ्रूणविज्ञानाने समुद्रकिनाऱ्यावर घर केले. आन्टोन डोर्न यांचे नेपल्स येथील प्राणिशास्त्रीय केंद्र १८७२ मध्ये स्थापन झाले, तर अमेरिकेतील वुड्स होल येथील सागरी जीवशास्त्राची प्रयोगशाळा १८८८ मध्ये. त्याच १८८८ मध्ये व्हिल्हेल्म रू यांनी बेडकाच्या दोन पेशींच्या भ्रूणातील एक पेशी तप्त सुईने मारली; उरलेलीपासून अर्धाच भ्रूण वाढला. प्रत्येक पेशीचे भवितव्य आरंभापासून ठरलेले असते, असा निष्कर्ष त्यातून निघाला. १८९१ मध्ये हान्स ड्रीश यांनी सी-अर्चिन या काटेरी सागरी प्राण्याच्या भ्रूणातील पहिल्या दोन पेशी हलवून विलग केल्या, तेव्हा प्रत्येकीपासून लहान, पण संपूर्ण डिंभ तयार झाला. पुढे १९०५ मध्ये एडविन काँक्लिन यांनी वुड्स होल येथे अ‍ॅसिडियन या दुसऱ्या सागरी प्राण्याच्या अंड्यात नेमके उलट दाखवले: पिवळसर भाग ज्या पेशींच्या वाट्याला येतो त्यांचेच पुढे स्नायू होतात. एकाच समुद्राने दोन उत्तरे दिली. प्रश्न प्रत्येक प्राण्याला नव्याने विचारावा लागतो. एकाचे उत्तर दुसऱ्यावर लादता येत नाही, हा त्यातील धडा होता. मेंदूविज्ञानाने तो धडा फार उशिरा गिरवला.

निवाड्याला पहिले मोठे आव्हान १९६२ मध्ये मिळाले. बुडापेस्टमध्ये जन्मलेले, नाझी काळातील सक्तीच्या श्रमातून जिवंत राहिलेले जोसेफ आल्टमन तेव्हा अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत काम करीत होते. विभागण्यापूर्वी पेशी आपल्या डीएनएची प्रत करते; त्या वेळी तिला किरणोत्सारी थायमिडीन मिळाले, तर ते नव्या डीएनएत सामावते आणि पुढे छायाचित्रणाच्या पटलावर ठिपक्यांच्या रूपाने उमटते. या युक्तीने आल्टमन यांना प्रौढ उंदराच्या मेंदूत नव्या चेतापेशींच्या खुणा दिसल्या. १९६५ मध्ये गोपाल दास या सहकाऱ्यासह त्यांनी हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी संबंधित भागाविषयी सविस्तर पुरावा मांडला. या शोधांचे रीतसर खंडन झाले असते तरी विज्ञानाच्या रिवाजाला ते धरून झाले असते. घडले ते अधिक क्लेशकारक होते: त्यांची फारशी दखलच घेतली गेली नाही. १९६८ मध्ये आल्टमन पर्ड्यू विद्यापीठात गेले आणि तेथे काम करीत राहिले. १९७७ मध्ये मायकेल कॅप्लन यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली नव्या पेशींची चेतापेशी म्हणून ओळख पटवली. त्यांच्याही वाट्याला अविश्वास आला आणि ते या क्षेत्रातून बाहेर पडले.

प्रतिपक्ष केवळ हटवादी होता, असे मात्र म्हणता येणार नाही. १९८३ मध्ये फर्नांडो नॉटेबोम आणि स्टीव्हन गोल्डमन यांनी प्रौढ कॅनरी पक्ष्याच्या मेंदूतील गायनाशी संबंधित केंद्रात नव्या चेतापेशी दाखवल्या. त्यानंतर १९८५ मध्ये पाश्को राकिच यांनी ऱ्हीसस माकडांच्या मेंदूंचा अभ्यास करून तेथे तसे काही आढळत नसल्याचे प्रतिपादन केले. ज्या प्राण्याला आयुष्यभर शिकलेले टिकवायचे आहे त्याला स्थिर चेतापेशीच हितकर, हा त्यांचा युक्तिवाद विचार करण्याजोगा होता. अखेर १९९८ मध्ये पीटर एरिक्सन, फ्रेड गेज व त्यांच्या सहकाऱ्यांनी मानवी पुरावा पुढे आणला. काही कर्करुग्णांना उपचाराच्या काळात पेशीविभाजन दर्शवणारे एक द्रव्य दिले गेले होते. त्यांच्या मृत्यूनंतर तपासलेल्या हिप्पोकॅम्पसमध्ये त्या द्रव्याची खूण बाळगणाऱ्या चेतापेशी सापडल्या. काहाल यांनी भविष्यावर टाकलेले काम हाती घेतले गेले होते.

या गाजलेल्या वादापासून काहीशा दूर, कवचधारी प्राण्यांच्या अभ्यासात, हाच प्रश्न वेगळ्या वाटेने पुढे सरकत होता. मॅसॅच्युसेट्समधील वेलस्ली कॉलेज या स्त्रियांच्या महाविद्यालयात दीर्घकाळ संशोधन केलेल्या बार्बरा बेल्ट्झ यांचे नाव या संदर्भात घ्यावे लागते. हार्वर्डमध्ये एडवर्ड क्रॅव्हिट्झ यांच्याबरोबर त्यांनी १९८३ मध्ये लॉब्स्टरच्या चेतासंस्थेत सेरोटोनिन हे द्रव्य कोठे कोठे आढळते, याचा नकाशा सिद्ध केला. हा उत्तर अटलांटिकमधला लॉब्स्टर. आपल्या कोकणातील शेवंडाचा नातलग खरा, पण शेवंडाला नसलेल्या मोठ्या नांग्या त्याला असतात. मादी कित्येक महिने अंडी पोटाखाली वागवते, आणि त्या संथ वाढीमुळे भ्रूणाच्या मेंदूची जडणघडण टप्प्याटप्प्याने पाहता येते. १९९३ मध्ये बेल्ट्झ यांनी सिमोन हेल्यू व सँडमन दांपत्यासह लॉब्स्टर आणि गोड्या पाण्यातील क्रेफिश यांच्या मेंदूंच्या विकासाची तुलना प्रसिद्ध केली. लॉब्स्टर डिंभावस्थांतून जातो. क्रेफिशचे पिल्लू अंड्यातून बाहेर येते तेच प्रौढाची लहान प्रत म्हणून. १९९७ च्या एका अभ्यासात लॉब्स्टरच्या भ्रूणातील सेरोटोनिन कमी केल्यावर गंधज्ञानाशी निगडित मेंदूकेंद्रांची वाढ बिघडल्याचे दिसले. पुढे जो चेतापेशींमधला निरोप्या ठरतो, तो मेंदू घडवण्यातही सहभागी असतो, असा याचा अर्थ.

भ्रूणाचा अभ्यास करणाऱ्याला वाढ कोठे थांबते हे नोंदवावे लागते. या प्राण्यांत ती थांबत नाही, असे आढळले. लॉब्स्टर आणि क्रेफिश आयुष्यभर कात टाकून वाढत असतात. गंधाशी संबंधित त्यांच्या केंद्रांत प्रौढपणीही नव्या चेतापेशींची भर पडत राहते. भ्रूणावस्थेचे काम प्रौढावस्थेत चालू राहते. ‘घडणे’ आणि ‘घडलेले असणे’ यांच्यामधली पाठ्यपुस्तकी रेषा येथे पुसट होते. डेव्हिड आणि रेनाटे सँडमन यांनी २००० मध्ये दाखवले की एकाकी, रित्या जागेत ठेवलेल्या क्रेफिशच्या मेंदूत नव्या चेतापेशी कमी निर्माण होतात आणि कमी टिकतात. परिस्थितीचा संस्कार एवढ्या खोलवर उतरतो.

मग या पेशी येतात कोठून? क्रेफिशच्या मेंदूच्या पृष्ठभागावर रक्तवाहिन्यांशी संलग्न असा पूर्वज-पेशींचा एक लहानसा कोनाडा आढळला. तेथे पेशी विभागते आणि तिच्या दोन्ही कन्या कोनाडा सोडून जातात. मागे वारस उरत नाही. तरीही कोनाडा रिकामा होत नाही. याचा अर्थ भरणा बाहेरून होत असला पाहिजे. २०१४ मध्ये जीन बेंटन, बेल्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, स्वीडनमधील संशोधकांच्या साहाय्याने, खूण केलेल्या रक्तपेशी एका क्रेफिशमधून दुसऱ्यात सोडल्या. काही आठवड्यांनी ती खूण दुसऱ्याच्या मेंदूतील चेतापेशींत आढळली. रोगप्रतिकाराचे काम करणाऱ्या पेशीकुळातून चेतापेशी जन्माला येते, असे सुचवणारा हा निष्कर्ष क्रेफिशविषयी आहे. तो जसाच्या तसा माणसाला लावणे म्हणजे सी-अर्चिनचे उत्तर अ‍ॅसिडियनला लावण्यासारखेच होईल.

माणसाविषयीची चर्चाही सरळ रेषेत गेलेली नाही. २०१३ मध्ये कर्स्टी स्पॉल्डिंग, योनास फ्रिसेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अणुचाचण्यांमुळे वातावरणात वाढलेल्या किरणोत्सारी कार्बनचा माग मानवी डीएनएत काढला आणि दररोज प्रत्येक हिप्पोकॅम्पसमध्ये सुमारे ७०० नव्या चेतापेशींची भर पडते, असा हिशेब मांडला. २०१८ मध्ये एकाच वर्षी दोन परस्परविरोधी निबंध आले: प्रौढ माणसात अशा पेशी आढळत नाहीत, असे शॉन सॉरेल्स आणि सहकारी म्हणाले, त्या उतारवयापर्यंत आढळतात, असे मॉरा बोल्ड्रिनी आणि सहकाऱ्यांनी सांगितले. २०२५ मध्ये फ्रिसेन यांच्या गटाने प्रौढ मानवी हिप्पोकॅम्पसमध्ये विभागणाऱ्या पूर्वज-पेशी ओळखल्या, मात्र व्यक्तिव्यक्तींमध्ये मोठी तफावतही नोंदवली. ‘काहीच उगवत नाही’ हे सूत्र कोसळले म्हणून त्याच्या जागी ‘सारे पुन्हा उगवते’ हे सूत्र बसवावे, अशी स्थिती नाही.

जोसेफ आल्टमन यांना २०११ मध्ये प्रिन्स ऑफ अ‍ॅस्टुरियास पारितोषिक देण्यात आले. पहिल्या निबंधानंतर जवळजवळ अर्धशतकाने मिळालेला हा सन्मान स्पेनचा, म्हणजे काहाल यांच्याच देशाचा होता. २०१६ मध्ये आल्टमन निवर्तले. काहाल यांचा पराभव झाला, असे या घटनेवरून कोणी म्हणू नये. पराभव झाला तो त्यांना अर्धवट वाचणाऱ्यांचा. मान्यवरांच्या वचनांचा आदर करायचा, तर ती संपूर्ण वाचली पाहिजेत, आणि त्यांनी जे काम पुढच्यांवर सोपवले ते करणाऱ्याला त्यांच्याच वचनाचा दाखला देऊन अडवता कामा नये. हा नियम शास्त्राइतकाच साहित्यालाही लागू आहे.