इमारतीखालचा इतिहास

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी ‘संस्थेचा इतिहास तुम्हीच लिहा’, असा संपादक मंडळाचा आग्रह होता. समित्या, पाण्याची टाकी, लिफ्ट, गणेशोत्सव यांबद्दल इतर सभासद लिहीत आहेतच. मी मात्र त्या सगळ्याच्या खालचा, म्हणजे आपल्या जमिनीचा इतिहास लिहायचं ठरवलं.

१९९९ च्या उन्हाळ्यात आपल्या प्लॉटवर पाया खणला जात होता. रविवारी मी आणि सौ. मुद्दाम बघायला यायचो. वर भराव, त्याखाली काळी चिकट माती, मग मुरूम आणि तळाशी कातळ. जवळ उभे असलेले एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, "इथं भातखाचरं होती आमची." खरंच आहे. पनवेल हे खाडीकाठचं जुनं बंदर. गाढी नदी, भातशेती, मिठागरं, ही इथली मूळ ओळख. १९७० साली सिडको स्थापन झाली, नवं शहर वसलं, सखल जागी भराव पडले. त्यामुळे इथे एका इमारतीखाली हाताशी कातळ, तर दुसरीखाली कित्येक फूट गाळ, असं असू शकतं. वरून दोन्ही सारख्याच दिसतात. फरक कळतो तो भूकंपात.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी कॉलेजात होतो. आमच्या कौलारू घरात फळीवरची भांडी वाजली आणि वडिलांनी सगळ्यांना अंगणात काढलं. तिकडे कोयनानगर उद्ध्वस्त झालं, धरणालाही तडे गेले. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारी झालं. दगडमातीच्या जाड भिंतींखाली हजारो माणसं झोपेतच गेली. त्या वेळी बँकेत डबा खाताना आम्ही म्हणायचो, आरसीसीत राहणाऱ्याला काळजी नाही!

तो भ्रम २६ जानेवारी २००१ ला फुटला. झेंडावंदन करून घरी आलो, तर टीव्हीवर भूजच्या बातम्या. केंद्र कच्छमध्ये, पण दोनशे किलोमीटरांहून दूर असलेल्या अहमदाबादेतही आरसीसीच्या बहुमजली इमारती कोसळल्या होत्या. खाली भिंतींविना नुसत्या खांबांवरचं पार्किंग आणि कच्चं बांधकाम ही कारणं होतीच. पण खाली साबरमतीच्या गाळाचे जाड थरही होते. आपली इमारत तेव्हा तयार होत आली होती. मी घाबरून आरसीसी इंजिनिअरना गाठलं.

त्यांनी झोपाळ्याचं उदाहरण दिलं. झोपाळ्याला त्याच्या लयीत नुसतं बोट लावत राहिलं तरी तो उंच जातो. इमारतीलाही अशी लय असते : ढोबळमानाने मजल्यामागे एक दशांश सेकंद. म्हणजे आपल्या सात मजल्यांचा एक हेलकावा सुमारे ०.७ सेकंदाचा. जमिनीलाही लय असते. कातळ झटपट थरथरतो, जाड गाळ संथ डोलतो. शिवाय मऊ जमिनीत पायासुद्धा किंचित डुलतो, त्यामुळे इमारतीची लय आणखी संथ होते. कधी हे फायद्याचं ठरतं, कारण धक्क्याची थोडी ऊर्जा जमिनीत परत जाते. पण गाळाचीही लय तेवढीच संथ असेल, तर इमारत नेमकी त्याच्या तावडीत सापडते.

मेक्सिको सिटीत १९८५ साली हेच झालं. भूकंपाचं केंद्र साडेतीनशे किलोमीटरांच्या आसपास दूर होतं. पण शहराचा मोठा भाग जुन्या तळ्याच्या गाळावर वसलेला. तो गाळ सुमारे दोन सेकंदांच्या लयीत डोलला. सर्वांत जास्त फटका बसला तो साधारण सहा ते पंधरा मजल्यांच्या इमारतींना. बैठी घरं बरीचशी वाचली.

म्हणूनच आपल्या भूकंप मानकात, आयएस १८९३ मध्ये, जमिनीचे कठीण, मध्यम आणि मऊ असे तीन प्रकार आहेत. २००२ च्या आवृत्तीतल्या आलेखाप्रमाणे, सात मजली इमारतीसाठी कातळावर भूकंपाचं बळ शंभर धरलं, तर मऊ जमिनीवर ते सुमारे एकशे सदुसष्ट धरावं लागतं.

आता एक कबुली. बँकेच्या नोकरीत मी शेकडो गृहकर्जं मंजूर केली. टायटल, सर्च रिपोर्ट, व्हॅल्युएशन, पगाराची स्लिप, सगळं तपासलं. माती परीक्षणाचा अहवाल मात्र एकदाही मागितला नाही. इमारत तारण घेतली, पण ती कशावर उभी आहे हे विचारलं नाही. पुढे संस्थेचा सचिव झालो. बिल्डरकडून आलेल्या कागदांतही तो अहवाल नव्हता, आणि तेव्हाही मी पाठपुरावा केला नाही. ती चूक माझीच.

आता पुनर्विकासाची चर्चा सुरू झाली आहे. किती चौरस फूट वाढीव, कॉर्पस किती, भाडं किती, हे जरूर विचारा. पण त्याआधी विचारा : बोअर किती ठिकाणी घेणार? कातळ किती खोल आहे? त्या मातीवर त्या उंचीचा हिशेब कुणी केला? शेजारच्या इमारतीला चाललेला नकाशा आपल्याला चालेलच असं नाही. आणि तोवर स्ट्रक्चरल ऑडिट टाळू नका, खालच्या खांबांना हात लावू नका.

पन्नासाव्या वर्षीच्या स्मरणिकेत लिहायला मी नसेन. त्या वेळच्या सचिवांच्या कपाटात तो अहवाल असावा, एवढीच इच्छा. सर्व सभासदांना रौप्यमहोत्सवाच्या मनःपूर्वक शुभेच्छा!