थायरॉईड, अवटू आणि गळ्यातला गंड

'सूनबाईला थायरॉईड निघालाय.' नीरा-बारामती रस्त्यावरच्या कोऱ्हाळे बुद्रुकमध्ये असो की आणखी कुठल्या मराठी गावात, हे वाक्य आता कुणाला खटकत नाही. खरे तर थायरॉईड प्रत्येकाच्या गळ्यात जन्मापासूनच असतो. पण 'शुगर आहे', 'बीपी आहे' यांच्या चालीवर अवयवाचे नाव आजाराला लागले आणि मुतखडा निघावा तसा थायरॉईडही 'निघू' लागला.

त्याहून कोड्यात टाकणारा प्रयोग 'थायरॉईड वाढलाय' हा. रिपोर्टात वाढलेला असतो तो टीएसएच, आणि तो येतो मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून. थायरॉईडकडून टी-४ आणि टी-३ ही संप्रेरके कमी येऊ लागली की पीयूषिका टीएसएच वाढवून त्याच्यामागे तगादा लावते. म्हणजे आकडा वाढला की बहुधा ग्रंथी मंदावलेली असते: थकवा, थंडी न सोसणे, बद्धकोष्ठ, कोरडी त्वचा, थोडे वाढलेले वजन, पाळीच्या तक्रारी. ग्रंथी खरोखर जास्त काम करू लागते तेव्हा टीएसएच उलट खाली जातो. छाती धडधडते, हात कापतात, भरपूर खाऊनही वजन उतरते. 'वाढलाय' या एका क्रियापदाने दोन विरुद्ध अवस्था झाकल्या जातात, म्हणून नेमके काय वाढले ते विचारून घ्यावे.

तगादा शब्द आला आहे, तर जरा थांबू. मूळ अरबी-फारसी 'तकाज़ा'. त्यातल्या 'ज़'च्या जागी मराठीत 'द' आला. 'बुज़ुर्ग'चा 'बुद्रुक' झाला तोही याच चालीने दिसतो. थोरले गाव ते बुद्रुक, धाकटे ते खुर्द. कागज-कागद ही जोडी तर फारसीतूनच आलेली असावी. बुज़ुर्गच्या मागे प्राचीन फारसीतला 'वज़रक', म्हणजे महान, हा शब्द आहे आणि त्याचे नाते आपल्या 'वज्रा'शी असावे असे मानतात. कोऱ्हाळ्याच्या पाटीवर वज्राचा असा दूरचा भाऊबंद उभा आहे.

आता ग्रंथीच्या नावाकडे वळू. मराठी परिभाषेत तिला 'अवटू ग्रंथी' म्हणतात, हिंदीतही तेच. पण अमरकोशात अवटु, घाटा आणि कृकाटिका हे शब्द एका ओळीत बसले आहेत आणि तिघांचा अर्थ मानेचा मागचा भाग! 'अवट' म्हणजे खड्डा; मानेमागच्या खळगीवरून अवटु आला असावा. थायरॉईड मात्र श्वासनलिकेच्या पुढे, कंठमण्याच्या खाली असतो. परिभाषाकारांनी मागचा शब्द पुढे का आणला, हे कोडेच आहे. मात्र अशी सरकासरक भाषेत नवी नाही. मानेमागच्या स्नायूंना संस्कृतात 'मन्या' म्हणत. आयुर्वेदातला मन्यास्तंभ तो हाच. त्याच मन्येची आपली 'मान' झाली आणि ती मागची न राहता सगळीच झाली.

'थायरॉईड' हा शब्द परका म्हणून आपण अवटू शोधला, पण तो वाटतो तितका परका नाही. 1656 साली टॉमस व्हार्टन या इंग्रज वैद्याने ग्रंथीला हे नाव दिले, ते शेजारच्या कूर्चेवरून. कूर्चेचे नाव ग्रीक 'थुरेऑस'वरून, म्हणजे लांबट मोठी ढाल. आणि ही ढाल 'थुरा'वरून, म्हणजे दारावरून. थुरा, संस्कृत 'द्वार' आणि फारसी 'दर' ही एकाच घरातली भावंडे. आपले दार, तसेच फारसीकडून आलेले दरवाजा, दरबार, दरवान सगळे या गोतावळ्यात येतात. नियमाने संस्कृतात 'ध्वार' असायला हवे होते; दोन फळ्यांच्या दाराला 'द्वि'ची ओढ लागून 'ध'चा 'द' झाला असावा.

आजाराचा जुना शब्द 'गलगंड'. गल म्हणजे गळा, पण गंड? गाल, हत्तीचे गंडस्थळ, फोड, गाठ, सांधा: फुगवटा दिसला की तिथे हा शब्द हजर. मूळ संस्कृतपूर्व, इथल्याच मातीतले असावे असे अनेकांना वाटते. कोऱ्हाळ्याच्या कालव्याखालच्या उसात तो ठसठशीत दिसतो. उसाच्या पेरापेरावर फुगीर गाठ, गाठीवर डोळा. सोललेल्या कांड्याचा तुकडा म्हणजे 'गंडेरी'. दोऱ्याला गाठी मारून बांधतात तो 'गंडा', दोन नक्षत्रांच्या सांध्यावरचा गंडांत, त्यावरून 'गंडांतर' आले असावे. मनाची गाठ सांगायला आपण 'न्यूनगंड', 'अहंगंड' घडवले; हिंदीने तिथे 'ग्रंथि' घेतली. हा गंड मला मोठा समर्थ शब्द वाटतो.

सुश्रुताने निदानस्थानात गळ्याला लोंबणाऱ्या सुजेला गलगंड म्हटले आहे. गाठींची माळ असेल तर ती 'गंडमाळा', आणि तो आजार वेगळा, बहुधा क्षयाच्या गाठींचा. युनानी हकीम तिला 'खनाज़ीर' म्हणतात, 'खिंज़ीर' म्हणजे डुकराचे अनेकवचन. लॅटिन 'स्क्रोफ्युला'तही डुकरिणी आहेत आणि ग्रीकातही डुक्करच. हे रूपक ग्रीकांकडून दोन्ही वाटांनी पसरले असावे. आपल्या माळेत डुक्कर शिरले नाही.

या सगळ्या नावांत एक गोष्ट उघड दिसते: डोळ्याला दिसले त्याला नाव मिळाले. आयोडीन कमी पडले की टीएसएचच्या रेट्याने ग्रंथी फुगते, म्हणून गलगंड दिसला. भारतात 1962 साली सुरू झालेला कार्यक्रमही 'राष्ट्रीय गलगंड नियंत्रण' या नावाचा होता आणि आयोडीनयुक्त मीठ हे त्याचे मुख्य हत्यार. 1992 मध्ये नावातून गलगंड गेला आणि 'आयोडीन न्यूनता विकार' आले, कारण ही उणीव गर्भातल्या बाळाच्या मेंदूलाही मारते, जिथे गंड दिसत नाही. सूनबाईच्या गळ्यावरही बहुधा काही दिसत नाही. शरीराच्याच प्रतिकारशक्तीने ग्रंथीवर केलेला हल्ला हे आज अशा मंदपणाचे मोठे कारण आहे. हाशिमोटो या जपानी वैद्याने 1912 साली त्याचे वर्णन केले. न दिसणाऱ्या या दुखण्याला जुना शब्द मिळणार कुठून? म्हणून अवयवाचेच नाव उसने घेतले, आणि ते मला चूक वाटत नाही.

'थायरॉईड'चे शेपूटही पाहण्यासारखे आहे. ते ग्रीक 'एइदोस', म्हणजे रूप, दिसणे. आपल्या 'विद्' धातूचे, वेदाचे नातलग. कुर्त्वा या फ्रेंच रसायनज्ञाला 1811 साली सागरी शेवाळाच्या राखेतून जांभळी वाफ निघताना दिसली. त्या द्रव्याचे 'आयोडीन' हे नाव 'जांभळट दिसणारे' अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून पडले आणि त्यातही हेच 'एइदोस' असावे.