बालाघाटची पंगत

1 नोव्हेंबर 1956 ला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आपला बालाघाट मध्य प्रदेशातच राहिला. भंडारा जिल्ह्यातलं शेजारचं गोंदिया एका रात्रीत परराज्य झालं!

परवा आम्ही चार मराठी कुटुंबं इथल्याच एका हॉटेलात जेवलो. हॉटेल झकास, पण फारसं कुणाला ठाऊक नाही. मुलांनी पनीर मागवलं. शेवटी वरण आणि चिन्नोरचा भात आला. वास सुटताच आजी म्हणाल्या, "सूनबाई, हा तर आपल्या पंगतीतला भात!"

2021 मध्ये बालाघाटच्या चिन्नोरला जीआय मानांकन मिळालं. आजींना त्याचं काही नाही. त्या नॅरोगेजने गोंदियाला माहेरी जायच्या गोष्टी सांगत बसल्या. नातू विचारत होता हिंदीत, आजी सांगत होत्या मराठीत.

तुमच्याकडे अशा गोष्टी सांगणारं कुणी आहे? असेल तर आजच लिहून ठेवा.